मोटारीला घडलेला नवमीचा उपास

मित्रांनो, मानवतच्या मोंढ्याच्या बाजारामागे कापसाची सरकी काढणारी एक बंद पडलेली जिनिंग आहे. तिच्या आवारात, मालकाच्या घरासमोर, चार दगडांवर टेकून एक काळी मोटार उभी आहे. तिला चाकं नाहीत, काचा नाहीत, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते. शाळा सुटली की तुम्ही तिच्यात शिरता, स्टिअरिंग गरागरा फिरवता आणि तोंडानेच पों पों करता. ती मोटार मीच. पों पों करा बापड्यांनो, माझी हरकत नाही. पण घटकाभर तोंड मिटून बसलात तर मी तुम्हाला माझी गोष्ट सांगेन. गोड नाही, हे आधीच सांगते.

मी इथली नाही. समुद्रापलीकडे, थंडीच्या मुलखातल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या अंगावर काळ्या रंगाचे किती थर दिले ते मोजायला कुणाला सवड नव्हती, पण शेवटच्या थरात माणसाला आपला चेहरा दिसे. माझं दार लावलं की असा भारदस्त आवाज येई, की लोक काम नसताना दार उघडून पुन्हा लावत. बोटीतून मी मुंबईला आले, तिथून हैदराबादच्या एका जहागीरदाराकडे गेले. जहागीरदार वारले, मुलांनी वाटण्या केल्या, आणि माझे काही तुकडे करता येईनात म्हणून त्यांनी मला विकून टाकलं. विकत घेणारे होते दिनकरराव.

दिनकरराव म्हणजे या जिनिंगचे मालक. दोनशे एकर काळी जमीन, वर कापसाचा धंदा, आणि या दोन्हींपेक्षा मोठा त्यांचा रुबाब. मी पहिल्यांदा मानवतला आले तेव्हा अर्धं गाव वेशीपर्यंत पळत आलं होतं. कमलबाईंनी, म्हणजे दिनकररावांच्या बायकोने, माझ्या चारी चाकांवर पाणी घातलं आणि नारळ फोडला. दिनकरराव येईल त्याला माझं तोंड उघडून इंजिन दाखवत. त्यांना स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण दाखवताना असे उभे राहत, जणू त्यांनीच ते ओतून काढलं आहे.

मला चालवायला त्यांनी सिताराम ठेवला. सिताराम पूर्ण्याचा, आधी कापसाच्या गठाणींचा ट्रक चालवायचा. लग्न होऊन मानवतच्या भीमनगरात राहायला आलेला. बायकोचं नाव मालन. सिताराम माणूस अबोल, पण गाडीत एकटा असला की माझ्याशी बोले. चढ आला की म्हणे, चल बाई, झालंच. मला ते फार आवडायचं. तुम्हाला हसू येईल, पण मोटारीशी कुणी बोलत नाही हो, सगळे मोटारीबद्दल बोलतात.

आता माझ्या खाण्यापिण्याचं सांगते, कारण सगळी रामकहाणी तिथूनच सुरू होते. मोटारीच्या पोटात खाली एक भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. त्यात ऑइल असतं. ते इंजिनात फिरतं, लोखंडाला लोखंड घासू देत नाही. चालून चालून ते काळं पडतं, मग चेंबरचा नट काढून ते सोडून द्यायचं, नट पुन्हा बसवायचा आणि वरून नवं भरायचं. एवढीशी गोष्ट. पण मी पडले परदेशी. दिनकररावांना कुणीतरी सांगितलं, की अशा गाडीला गावठी हात लागू द्यायचा नाही, कंपनीच्या वर्कशॉपातच न्यायची. ते वर्कशॉप हैदराबादला. म्हणजे मित्रांनो, माझं ऑइल बदलायला आम्ही नांदेडवरून दिवसभर प्रवास करून हैदराबाद गाठायचो, तिथे मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी ऑइल बदलायचं आणि तिसऱ्या दिवशी परत. येता-जाताच मी इतकी चालायचे की पुढच्या ऑइलची वेळ त्याच प्रवासात जवळ यायची.

वर्कशॉपात मालकांना बसायला गार खोली होती. दिनकरराव तिथे पाय पसरून बसत. बिल असं यायचं, की सितारामचा तीन महिन्यांचा पगार त्यात बसावा. पण दिनकररावांना त्या बिलाचं दुःख नव्हतं, उलट कौतुक होतं. मोंढ्यात आडतीच्या दुकानात बसून ते सांगत, निस्तं ऑइल बदलायला एवढे लागले बघा. ऐकणारा "अबब" म्हणाला की त्यांचे पैसे वसूल.

सितारामलाही हैदराबाद आवडायचं, पण दुसऱ्याच कारणाने. तिथे मागच्या बाजूला एक लांब बाकडं होतं. फिटर, ड्रायव्हर, झाडणारा, सगळे त्याच बाकड्यावर बसून एकाच किटलीतला चहा प्यायचे. तुझं आडनाव काय, असं कुणी विचारायचं नाही. परतताना तो मला हळूच म्हणायचा, तुझं ऑइल लवकर काळं होऊ दे बाई.

मालनच्या पहिल्या बाळंतपणाला मी नव्हते. आम्ही हैदराबादलाच होतो. ती बैलगाडीतून स्टेशनाकडे निघाली आणि बाळ रस्त्यातच गेलं. बाळ आडवं होतं म्हणे. मानवतच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, की पुढच्या खेपेला पोटात पहिली कळ आली की दुसरं काही बघायचं नाही, थेट परभणीचा मोठा दवाखाना. उशीर झाला तर काही खरं नाही.

सिताराम हे मालकांच्या घरी येऊन सांगत होता तेव्हा दिनकरराव ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांना वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, खरोखर वाटलं. ते म्हणाले, "आरं, दारात एवढी गाडी असताना तू बैलगाडीच्या भानगडीत कशाला पडायलास? पुढच्या टायमाला कळ आली की सरळ गाडी काढ. मला इचारू बी नको." कमलबाई दारात उभ्या होत्या, त्यांनीही मान डोलावली. त्या दिवशी मला माझा केवढा अभिमान वाटला. नवऱ्यामुलाच्या वराती नेल्या, पुढारी नेले, पण कुणाचा जीव वाचवायला कुणी मला बोलावलं नव्हतं.

मग ते साल आलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव मुंबईत झाला, आणि इकडे गावोगाव आग लागली. मी लोखंडाची आहे, मला राजकारण कळत नाही. पण रात्री माळावरून दिसणारा लाल उजेड हा दिवाळीचा नव्हे, एवढं मलाही कळत होतं. मालनचं माहेर जळालं. तिचे आईबाप आणि भाऊ अंगावरच्या कपड्यानिशी भीमनगरात आले. दिनकररावांनी कुणाचं घर पेटवलं नाही. ते फक्त बैठकांना जायचे. आमचा इरोध माणसाला न्हाई, नावाला हाय, असं ते प्रत्येक बैठकीत सांगायचे आणि लोक माना हलवायचे. त्या बैठकांना त्यांना मीच नेत होते आणि मला चालवत होता सिताराम. मागच्या सीटवर काय काय बोलणी व्हायची, ती त्याच्या कानांवर पडायची. तो रस्त्याकडे बघत राहायचा. त्या दिवसांत तो माझ्याशीही बोलेनासा झाला.

पुढच्या वर्षी त्याने एक दिवसाची रजा घेतली. परभणीला नामांतरासाठी मोर्चा होता, त्यात तो गेला. कुणीतरी चुगली केली. मला वाटलं, आता याला काढणार. पण दिनकररावांनी त्याला काढलं नाही, रागावलेही नाहीत. माझ्यासारखी गाडी हाकणारा दुसरा माणूस त्यांना कुठे मिळणार होता? ते नेहमीसारखे मागे बसले आणि म्हणाले, चल मोंढ्यात. मित्रांनो, जो राग बोलून दाखवला जातो त्याची भीती नाही. हा राग त्यांनी जपून ठेवला, आणि मला वेडीला वाटलं, विसरले.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला मालनला पुन्हा दिवस गेले होते, ते भरत आले दसऱ्याच्या सुमाराला.

दसऱ्याआधी माझं ऑइल बदलायला झालं होतं. कापसाचा हंगाम तोंडावर, हैदराबादला जायला सवड नव्हती. त्यात परभणीचे माणिकराव आले. हे दिनकररावांचे साडू, वकील. त्यांच्याकडे एक जुनी जीप होती आणि तिचं ऑइल ते स्वतः अंगणात पालथे पडून बदलायचे. त्यांनी दिनकररावांची अशी काही खिल्ली उडवली, की काय विचारता. म्हणाले, साडू, हैदराबादवाले ऑइलच्या जागी साजूक तूप घालतात का? आणि जाताना सोबत आणलेला परदेशी ऑइलचा सीलबंद डबा ओसरीवर ठेवून गेले. दिनकररावांना ते झोंबलं. घरीच करू, असं त्यांनी जाहीर केलं.

घरीच करू म्हणजे काय, तर अष्टमीच्या दिवशी दुपार कलल्यावर दिनकरराव माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसले आणि सिताराम माझ्याखाली शिरला. त्याने पाना लावून चेंबरचा नट काढला. काळं ऑइल घमेल्यात पडलं. ते बैलगाडीवाल्यांनी कण्याला लावायला लगेच वाटून नेलं. रिकामं घमेलं सितारामने पुन्हा माझ्याखाली सरकवलं, नट स्वच्छ पुसला, आणि आता नट बसवून नवं ऑइल भरतो म्हणाला.

तेवढ्यात दिनकररावांच्या डोक्यात आलं, की उद्या खंडेनवमी.

खंडेनवमी तुम्हाला ठाऊक आहे. त्या दिवशी अवजारांची पूजा. नांगर, विळे, तराजू, जिनिंगचे पाने, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि एकदा पूजेत बसलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. दिनकरराव म्हणाले, जुनं घाण तेल थेंब न थेंब गळून जाऊ दे. शिळं पोटात घेऊन देवीपुढं उभी करायची का तिला? उद्या डबा, पाना, नट, समदं पूजेत बसवू, आणि दसऱ्याला मुहूर्तावर नवं तेल भरू. मग स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन हसले. कमलबाईंचा नवरात्राचा उपास होताच. म्हणाले, हिच्यासंगं गाडीला बी नवमीचा उपास.

सिताराम हसला नाही. नट हातात धरून उभा राहिला. म्हणाला, "मालक, घरी दिवस भरलेत. आजच भरून टाकतो की. दसऱ्याला परत काढू."

"एका दिवसानं काय व्हायलंय," दिनकरराव म्हणाले आणि हात पुढे केला. सितारामने नट त्यांच्या हातात दिला.

मी तेव्हा ओरडायला हवं होतं. पण माझा भोंगासुद्धा दुसऱ्याने दाबल्याशिवाय वाजत नाही.

नवमीला सकाळी माजघरात पूजा मांडली. मी अंगणात दारासमोरच उभी असते, दार उघडं असलं की माजघर आरपार दिसतं. एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला पाने, आणि मधोमध माणिकरावांचा तो डबा. त्यावर कुंकवाची पाच बोटं. डब्यापुढे ताम्हनात माझा नट, त्यालाही कुंकू. आरती झाली, प्रसाद वाटला. आणि पाहुणे अजून पानाला चुना लावतच होते, तर फाटकातून सिताराम पळत आला.

त्याच्या पायात चप्पल नव्हती. तो पायरीशी थांबला. वर चढायची त्याला पद्धत नव्हती, तेवढ्या घाईतही तो थांबलाच. म्हणाला, "मालक, कळा सुरू झाल्या. डबा आन् नट तेवढा द्या. मी भरतो आन् निघतो."

दिनकरराव ओसरीवरच्या झोपाळ्यावर होते. म्हणाले, "पूजेत बसलंय ते. उद्याबिगर हालत न्हाई. तुला काय सांगायला पायजे का?"

सिताराम म्हणाला, देवीचा कोप झाला तर तो माझ्यावर होऊ द्या, मी हात लावतो, तुम्ही लावू नका. दिनकरराव पाहुण्यांकडे बघून हसले. अवजारं आमची, देवी आमची, कोप तेवढा तुझा का, असं म्हणाले. मग सितारामने हात जोडले. मित्रांनो, चार वर्षं त्याने मला चालवलं, पण त्याला असे हात जोडताना मी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "तुमीच म्हणला व्हता मालक, इचारू बी नको म्हणून."

"म्हणलो व्हतो," दिनकरराव म्हणाले. त्यांचा झोपाळा थांबला. "मोर्च्याला निघालास तवा इचारलंस का मला? तवा तुला माझी गाडी लागली न्हाई. आता बी लागायची न्हाई."

तर असं होतं ते. पूजा नव्हती, मुहूर्त नव्हता, देवी तर बिचारी नव्हतीच. जपून ठेवलेला तो राग बाहेर आला, तोही सणाच्या दिवशी, चार पाहुण्यांत, पान खाता खाता.

कमलबाई माजघरात होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. आरतीचं तबक खाली ठेवून त्या डब्याकडे वळल्या, वाकल्या, त्यांचा हात डब्याच्या कडीपाशी गेला. दिनकररावांनी मागे न बघताच हाक मारली, "कमल." नुसती हाक, बाकी काही नाही. कमलबाई तशाच वाकलेल्या राहिल्या. मग त्यांनी पदर सारखा केला आणि त्या सरळ उभ्या राहिल्या.

सिताराम गेला. गावात आणखी दोन-तीन जिपा होत्या, पण सगळ्या हार घालून पूजेत. ज्याच्या त्याच्याकडे जाऊन त्याने विचारलं. थोड्या वेळाने फाटकासमोरून चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन एसटी स्टँडकडे पळत गेली. बाजेवर मालन होती. ती माझ्याकडे बघत होती की आभाळाकडे, मला सांगता येणार नाही. परभणीची गाडी नुकतीच गेली होती, पुढची दुपारी होती. त्या गाडीच्या ड्रायव्हरने भलेपणा केला, मध्ये कुठेही न थांबता त्याने गाडी थेट दवाखान्याच्या दारात नेली. मालन वाचली. बाळ, मुलगी होती, ती वाचली नाही. पुन्हा मूल होणार नाही, असंही डॉक्टरांनी सांगितलं. हे सगळं मला आमच्या वॉचमनच्या, बन्सीधरच्या तोंडून कळलं. तो माझ्या मडगार्डला टेकून दुसऱ्या कुणाला सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दसरा. सिताराम परभणीला. दिनकररावांनी नवा कोट घातला आणि म्हणाले, त्याच्यावाचून काय अडलंय, ऑइल मी भरतो. बन्सीधरने डबा आणून दिला. त्यांनी कुंकू पुसलं, सील फोडलं आणि माझं तोंड उघडून सगळा डबा माझ्या पोटात उपडा केला. किती सुंदर होतं ते ऑइल, मधासारखं. वरून आलं आणि खालून गेलं. नट ताम्हनातच राहिला होता, आणि ऑइल माझ्याखालच्या घमेल्यात गुपचूप जमा होत होतं. जमिनीवर थेंब नाही, कुणाला काही दिसलं नाही. पुढे ऑइलचा काटा असतो, तो शून्यावर पडून होता, पण त्याच्यावर झेंडूची माळ लोंबत होती. बन्सीधर कुणाला काही बोलला नाही, पण मी निघाल्यावर मागे उरलेलं घमेलं काठोकाठ भरलेलं बघून तो तोंडावर हात ठेवून तिथेच खाली बसला, हे मी आरशात पाहिलं.

सीमोल्लंघनाला सगळं गाव वेशीबाहेर आपट्यापाशी चाललं होतं. पुढे हलगी, मागे दिनकरराव माझ्यात, स्वतः चालवत. गर्दीतून मी हळूहळू जात राहिले. आतून पेटले होते. लोखंड लोखंडाला खात होतं. आपटा समोर दिसला आणि माझ्या पोटातून असा आवाज आला, की हलगीवाल्याने वाजवायचं थांबवलं. मी जाम झाले ती कायमची. लोकांनी मला ढकलत परत आणलं, हार अजून गळ्यात होते.

त्या संध्याकाळी दिनकररावांनी काय सांगितलं असेल? सितारामने सूड उगवला, नट त्याने मुद्दाम पळवला, हे लोक आता असंच करायलेत. बोलता बोलता गोष्ट ठाण्यापर्यंत गेली. सिताराम मुलीला माती देऊन, मालनला दवाखान्यात ठेवून कपडे न्यायला घरी आला, तर दारात पोलीस. त्याला घेऊन फौजदार चौकशीला इथे ओसरीवर आले. दिनकरराव त्यांना समजावून सांगत होते, नट कसा पुसून खिशात घातला वगैरे, आणि तेवढ्यात कमलबाई माजघरातून बाहेर आल्या. परक्या पुरुषांपुढे त्या कधी येत नसत. त्यांच्या हातात ताम्हन होतं. ते त्यांनी फौजदारांपुढे ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "हा इथं हाय. मीच कुकू लावलं. तुमीच दिला व्हता."

तक्रार मागे घेतली गेली. चुकलं, असं मात्र कुणी म्हणालं नाही. सिताराम तिथेच पायरीखाली उभा होता. त्याने त्याच्याकडची माझी दुसरी चावी काढून पायरीवर ठेवली. महिन्याभरात तो मालनला घेऊन पूर्ण्याला गेला, स्टेशनात पोती उचलायला लागला.

हैदराबादच्या वर्कशॉपातून एक माणूस आला, त्याने माझं तोंड उघडून पाहिलं आणि नवं इंजिन घालावं लागेल म्हणून सांगितलं. आकडा ऐकून दिनकररावांनी त्याला चहाही विचारला नाही. माणिकराव म्हणाले, साडू, घरचं तेल लय स्वस्तात पडलं की. तेव्हापासून मानवतला कुणी भारी गाडीच्या खर्चाचं बोलायला लागलं, की माझी गोष्ट निघते. कंपनीत बदललं असतं तर एवढेच लागले असते, घरी बदललं तर अख्खं इंजिन गेलं, असा हिशेब मांडून लोक हसतात. पंधरा वर्षं हाच हिशेब. त्यात मालनची मुलगी कुणी धरत नाही. माझ्या इंजिनासाठी हळहळणारे मला ढिगाने भेटले, मित्रांनो, त्यांच्या हळहळीचा मला विटाळ वाटतो.

अशा गोष्टीच्या शेवटी आमच्यासारख्यांनी मुलांना विनंती करायची असते. आम्हाला जपा, तेलपाणी करा, भंगारात घालू नका. माझी विनंती आताच सांगून टाकते, कारण यापुढचं सांगितल्यावर मला काही बोलवणार नाही. मला जपू नका. मी लोखंड आहे, गंजणं माझा धर्म आहे. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्या दारात गाड्या येतील. तेल कंपनीत बदला नाहीतर घरी बदला, त्याने कुणाचं काही जात नाही. पण कुणी अनवाणी पळत येऊन पायरीशी उभा राहिला, तर पूजेतला डबा उचला. मागून हाक आली तरी उचला. देवी रागावत नाही. मी तिच्या समोरच उभी होते.

आता शेवटचं. यंदा संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदललं. भीमनगरात दोन दिवस ढोल वाजले. दिनकरराव चार वर्षांपूर्वी गेले. सितारामही गेला, पूर्ण्यालाच, मोर्चे निघत होते तोवर जात राहिला, पण हा दिवस काही त्याला दिसला नाही. मालन मात्र या दिवसासाठी मानवतला भावाकडे आली होती. कमलबाईंना बन्सीधरकडून कळलं, आणि त्यांनी तिला बोलावून घेतलं.

मालन आली. केस पांढरे झालेले, अंगावर नवं पांढरं लुगडं. ती सवयीने पायरीशी थांबली. कमलबाई काठी टेकत खाली उतरून तिच्यासमोर आल्या. इतक्या वर्षांत मनात घोळवलेलं असावं, एका दमात म्हणाल्या, "मालन, त्या दिशी मी डबा उचलायला पायजे व्हता. वाकले व्हते गं मी. ह्यांनी हाक मारली आन् राहिले."

मालन म्हणाली, "कंचा डबा, बाई?"

"ऑइलचा. गाडीचा."

"तेल तर हैदराबादहून यायचं व्हतं," मालन म्हणाली. अगदी साधेपणाने, जणू कमलबाईंचीच आठवण चुकत होती. "आमचे म्हणायचे की. भारी गाडीला कंपनीचंच तेल लागतं, ते येऊन पोचलं न्हवतं, त्याला कोण काय करणार. मी लय येळा इचारलं, हेच सांगायचे."

सितारामने मरेपर्यंत बायकोपासून काय झाकून ठेवलं होतं, ते कमलबाईंना तेव्हा कळलं, आणि मलाही. पण शब्द तर सुटला होता. आता खोटं बोलायचं वय त्यांचं राहिलं नव्हतं. त्यांनी मालनचा हात धरला, तिला पायऱ्या चढवून आत नेलं आणि माजघरातली डब्याची ती जागा दाखवली.

मालनने ती जागा पाहिली. मग वळली, उंबरा ओलांडला, पायऱ्या उतरली आणि चालत माझ्यापर्यंत आली. माझ्या गंजलेल्या तोंडावर तिने हात ठेवला आणि मागे वळून दाराकडे पाहिलं. कमलबाई अजून माजघरातच उभ्या होत्या, इथून स्पष्ट दिसत होत्या.

"एवढ्याच लांब व्हता?" मालन म्हणाली.